मायक्रोमीटर दरवर्षी तपासून घेतो, सुपरवायझरची नजर कोण तपासणार?

उद्यमबाग_क्वालिटी

नमस्कार मंडळी. मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, बाहेरून येतं, आम्ही सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, टर्निंग-बोअरिंग (बाहेरून आणि भोकातून कापून मापात आणणं) करून पुढे पाठवतो. एक प्रश्न दोन महिने डोक्यात घोळतोय. इथे फाउंड्रीतले, दवाखान्यातले, निपाणी-खानापूरकडचे सगळेच आहेत, म्हणून मांडतो.

आमच्याकडे भिंतीवर स्किल मॅट्रिक्स आहे. डावीकडे नावं, वर कामं, प्रत्येक चौकोनात चार पाकळ्यांचा गोल. एक पाकळी भरली म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. गाडीचे पार्ट करणाऱ्या कारखान्यांत असा तक्ता बहुतेकांनी पाहिला असेल.

मार्चमध्ये पाळ्या बदलल्या. बैलहोंगल बाजूचा एक मुलगा, आयटीआय टर्नर, पहिल्या पाळीतून दुसऱ्या पाळीत गेला. पहिल्या सुपरवायझरनं त्याला बोअरिंगला दोन पाकळ्या दिल्या होत्या. दुसऱ्यानं महिन्याभरात चार दिल्या. मशीन तेच, जॉब (मशीनवर लावायचा भाग) तोच, मुलगा तोच. आणि आमच्यात तीन पाकळ्यांपासून भत्ता लागू होतो, म्हणजे हा नुसता रंग भरायचा प्रश्न नाही.

दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. पहिला म्हणाला, "तोंड उघडत नाही ओ. सकाळच्या मीटिंगला काही विचारलं की खाली बघतो. येत असतं तर बोलला असता की." दुसरा म्हणाला, "एक खाडा नाही त्याचा. थांब म्हटलं की थांबतो." त्याच्या बोअरिंगबद्दल दोघांपैकी कुणीच एक शब्द काढला नाही.

मग एक अख्खी दुपार मी त्याच्या मशीनपाशी उभा राहिलो. जॉब काढला की तो जॉमधली, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीतली, चिप ब्रशनं काढतो, बसायची जागा बोटानं चाचपतो, मगच पुढचा जॉब लावतो. एकदा कटचा आवाज किंचित बदलला. मला तो कळलासुद्धा नाही. त्यानं जॉब पुरा होऊ दिला, मशीन थांबवून इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या छोट्या पात्याची, धार पाहिली, इन्सर्ट फिरवला, पुढचा पहिला जॉब बोअर गेजनं वर, मध्ये आणि तळाला मोजला, ऑफसेट दिला, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरली, आणि तो जॉब बाजूला ठेवून दुसरा मोजला. कुणाला काही विचारलं नाही. ड्रॉइंगवरची समकेंद्रतेची खूण दाखवून अर्थ विचारला तेव्हा मात्र अडखळला. माझ्या मते तीन पाकळ्या. पण मी तरी बरोबर कशावरून?

मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, आम्ही दरवर्षी कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) पाठवतो, त्यावर स्टिकर लावतो, तारीख उलटली तर वापरत नाही. माणसाची पायरी ठरवणारी नजर आम्ही एकदाही तपासलेली नाही. सुपरवायझरना माणसं जोखायला शिकवायचं कसं? कुणी केलंय का?

जुना_मोल्डर

भाऊ, तुमचं वाचून मला माझे दिवस आठवले. मी फाउंड्रीत हातमोल्डिंग केलं, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे हातानं भरले, आता घरी असतो. कारखान्याचं नाव घेत नाही.

आमचे फोरमन राउंडला निघायचे ते भट्टीपर्यंत यायचे आणि परतायचे. माझी जागा भट्टीच्या पलीकडे, मागच्या कोपऱ्यात. मोठे साचे तिथंच व्हायचे. माझा साचा त्यांनी भरताना कधी बघितलाच नाही. अकरा वर्षं मी कागदावर अर्धकुशल. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा फोरमनच्या गल्लीतला, तो चौथ्या वर्षी कुशल झाला. त्या पोराचा दोष नाही, तो समोर दिसायचा एवढंच.

आणि एक सांगतो. कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे गॅसचं भोक, आला की नाव मोल्डरचं लागायचं. वाळूत पाणी जास्त असलं तरी होल येतो, लोखंड थंड ओतलं तर जोड दिसतो, लॅडलवरची (ओतायच्या भांड्यावरची) मळी नीट काढली नाही तर ती आत जाते. यातलं मोल्डरच्या हातात काय आहे? रिजेक्शनचा आकडा सरळ माणसाच्या नावावर मांडला तर तुम्ही वाळूचे मार्क माणसाला देताय. सुपरवायझरला आधी हे शिकवा.

मुक्काम_पुणे

मी मूळची टिळकवाडीची, पुण्यात हेच शिकवायचं काम करते. मोल्डरकाका, तुमची अकरा वर्षं वाचून वाईट वाटलं. तुमचा वाळूचा मुद्दा मी माझ्या वर्गात सांगणार आहे.

उद्यमबागदादा, तुमच्या दोन सुपरवायझरनी जे केलं त्याचं वर्णन १९२० मध्येच झालंय. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेले गुण तपासले. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे रकाने होते, पण गुण सगळीकडे एकत्र वर जात होते, एकत्र खाली येत होते. एक गोष्ट मनात भरली की तिचा उजेड बाकीच्या सगळ्यांवर पडतो. तुमच्याकडे एकाच्या मनात "बोलत नाही" बसलं, दुसऱ्याच्या मनात "खाडा नाही".

आता प्रशिक्षणाचं. बहुतेक ठिकाणी काय करतात? दोन तासांचं व्याख्यान. अशा चुका होतात, तशा टाळा, सगळ्यांना सारखे मार्क देऊ नका. हे मीही पूर्वी करत होते आणि आता करत नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत याची परीक्षा झाली. अशा व्याख्यानानंतर लोक मार्क पसरवून द्यायला शिकले, पण अचूकता उलट घसरली. सगळ्यांना तीन देऊ नका म्हटलं की माणूस कुणाला तरी ओढूनताणून दोन देतो. ज्याला दिले त्याचं काम बदललेलं नसतं.

१९८१ मध्ये बर्नार्डिन आणि बकली यांनी दुसरी वाट सुचवली. आधी सगळ्या परीक्षकांच्या डोक्यात एकच माप बसवायचं. तीन पाकळ्या म्हणजे नक्की काय दिसलं पाहिजे, हे शब्दांत लिहायचं. मग सगळ्यांना एकाच कामाचे व्हिडिओ दाखवायचे, प्रत्येकानं एकट्यानं मार्क द्यायचे, जाणकारांनी आधी ठरवलेल्या मार्कांशी ताडायचे, फरक का पडला ते बोलायचं आणि पुन्हा करायचं. १९९४ मध्ये तोवरचे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा अचूकतेसाठी हीच पद्धत सगळ्यांत उपयोगी ठरली.

२००० सालचा एक अभ्यासही सांगते. हजारो मॅनेजरना प्रत्येकी दोन वरिष्ठ, दोन सहकारी, दोन हाताखालचे आणि ते स्वतः अशा सात जणांनी गुण दिले होते. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग ज्याला गुण दिले त्याच्या कामातून नव्हे, तर गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या पद्धतीतून आला होता.

उद्यमबाग_क्वालिटी

ताई, शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलो. आमच्याकडे गेजची परीक्षा असते, गेज आर अँड आर म्हणतात. त्याच माणसानं तोच जॉब पुन्हा मोजला तर किती फरक पडतो, आणि दुसऱ्यानं मोजला तर किती. एकूण फरकात मोजणीचा वाटा १० टक्क्यांच्या आत असला तर गेज चांगलं, १० ते ३० असला तर जपून वापरायचं, ३० च्या वर गेलं तर वापरायचंच नाही. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे, सरळ तुलना होणार नाही. पण निम्म्याहून जास्त! असं गेज मी शॉपमध्ये शिरू दिलं नसतं.

डोळ्यानं तपासायच्या जॉबसाठीही आमच्यात ही परीक्षा असते. चांगले-वाईट जॉब मिसळून तीन इन्स्पेक्टरना वेगवेगळे दाखवायचे, पुन्हा क्रम बदलून दाखवायचे, निकाल जुळतात का बघायचं. हेच सुपरवायझरवर करता येईल. तुमचा व्हिडिओ आणि आमची पद्धत.

दुसरी_पाळी_सुपरवायझर

मी मच्छेत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमची बाजूही ऐका.

३१ मार्चच्या आठवड्यात माझ्या हातात बेचाळीस फॉर्म येतात. त्याच आठवड्यात डिस्पॅच असतो. वर्षभरात कुणी काय केलं हे मला आठवत नाही, फेब्रुवारी-मार्च आठवतं. फेब्रुवारीत ज्याचा जॉब फसला तो मेला, मे महिन्यात ज्याचा फसला तो वाचला.

दुसरं. वाढ किती द्यायची हे वर आधीच ठरलेलं असतं. मला आकडा कळतो आणि त्याला शोभतील असे मार्क मी मागाहून भरतो. अशा वेळी मला नजर शिकवून उपयोग काय? माझी नजर कुणी विचारलेलीच नाही.

तिसरं. मी एकाला जाणूनबुजून चार दिलेत. त्याचं काम तीनचं आहे. त्याची मुलगी कॉलेजला आहे आणि भत्ता थांबला तर तिची फी थांबेल, हे मला माहीत आहे. चूक आहे ते कळतं. पण तो रोज माझ्यासमोर उभा असतो.

मुक्काम_पुणे

दादा, हे उघड लिहिलंत म्हणून मनापासून आभार. प्रशिक्षणाच्या वर्गात हे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांच्या मनात हेच असतं.

तिन्हींवर थोडं थोडं. पहिल्यासाठी खिशातली वही. दर आठवड्याला दहा-अकरा माणसांबद्दल एकेक ओळ, तारखेसह, जे डोळ्यांनी पाहिलं तेच. "चांगला मुलगा" असं लिहायचं नाही, "कूलंट कमी झालेलं स्वतः ओळखून टाकी भरली" असं लिहायचं. फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये ही पद्धत मांडली, तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात आहे. महिन्याला एका माणसावर एक ओळ झाली तरी मार्चमध्ये तुमच्या हातात बारा असतील.

दुसऱ्यासाठी कौशल्याची पाहणी मार्चच्या पगारवाढीपासून तोडायला लागते. ऑगस्टमध्ये करा. आकडा आधी आणि मार्क मागून, अशी सवय जिथे आहे तिथे मी प्रशिक्षणच घेत नाही, मालकांना तसं सांगते.

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे सोपं नाही. इतकंच म्हणेन की त्या माणसाला तीनवरून खऱ्या चारवर न्यायला सहा महिने लागतील आणि ते तुम्हीच करू शकाल.

शहापूरची_लेक

मी कोअर शॉपमध्ये नऊ वर्षं होते. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. आमच्या शॉपमध्ये बहुतेक बायकाच. "बायकांचा हात हलका असतो, कोअर मोडत नाही" असं कौतुकानं म्हणायचे आणि ग्रेड अर्धकुशल. किमान वेतनाच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल. हाताचा हलकेपणा जन्मतःच आला म्हटलं की त्याला कुशल म्हणायची गरजच राहत नाही.

कोअरला हवा जायची वाट ठेवावी लागते. ती बंद झाली तर ओतल्यावर गॅस लोखंडात शिरतो आणि अख्खं कास्टिंग जातं. वॉश, म्हणजे कोअरवरचा लेप, किती पातळ ठेवायचा, किती वेळ सुकवायचा, पावसाळ्यात किती. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जुलैत कोअर दोन दिवस उघडा राहिला की ओल धरतो. मी हे चार मुलींना शिकवलं. तक्त्याच्या हिशेबानं चार पाकळ्या. मला दोन होत्या.

तुमच्या व्हिडिओत बायकांचं कामही घ्या. आणि मार्क देणाऱ्यांना आधी विचारा, हेच काम पुरुष करत असता तर तुम्ही याला काय म्हणाला असता?

सौंदत्तीचा

माझी मातृभाषा कन्नड. मराठी अनगोळच्या गल्लीत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

तो बैलहोंगलचा मुलगा खाली का बघतो ते मला माहीत आहे. मीटिंग मराठीत चालते. त्याला समजतं सगळं, पण उत्तर द्यायचं म्हटलं की मनात शब्द जुळवावे लागतात, तोवर दुसरा बोलून जातो. माझ्या फॉर्मवर तीन वर्षं "संवाद कमी" असं लिहिलेलं होतं. उलटही होतं. माझा खानापूरचा मित्र जिथं आहे तिथं मीटिंग कन्नडमध्ये असते, तो बिचारा तिथं गप्प. ओडिशाची मुलं तर दोन्हीकडे गप्प.

एक साधी गोष्ट करा. "सांग" म्हणू नका, "करून दाखव" म्हणा. सांगायला लावायचंच असेल तर त्याच्या भाषेत विचारणारा एक माणूस जवळ ठेवा.

निपाणीकर

आमच्याकडं विडीचं बघा. आई विड्या वळायची. हजार विड्या घेऊन गेली की तपासणारा मूठभर बाजूला काढायचा, ती छाट. का काढली ते सांगायचा नाही. एक तपासणारा काढेल ती दुसरा पास करायचा. छाटीवर मजुरी नाही, आणि पानं-तंबाखू आपल्या हिशेबात. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यात छाटीवरून झालेला वाद सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं नेता येतो असं कलम होतं. म्हणजे तपासणाऱ्याचा डोळा चुकू शकतो हे कायद्यालाही मान्य होतं.

तुमच्या तक्त्याला अशी दाद मागायची सोय हाय का? आपली पाकळी चुकली असं वाटलं तर त्या पोरानं जायचं कुणाकडं?

वॉर्ड_सिस्टर

आमच्या क्षेत्रातलं थोडक्यात सांगते. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी टेबलांची परीक्षा मांडली. प्रत्येक टेबलावर एक ठरलेलं काम, ठरलेली यादी, सगळ्यांना तीच. आता नर्सिंगमध्येही आहे. सलाईनची सुई लावताना हात धुतले का, पेशंटला नाव विचारून खात्री केली का, शीर फुगवायला दंडाला बांधलेली पट्टी किती वेळ ठेवली. परीक्षक फक्त झालं की नाही तेवढं लिहितो. पण यादीही सगळं पकडत नाही. घाबरलेल्या आजीचा हात धरून तिच्याशी दोन शब्द बोलणारी मुलगी मला यादीबाहेर दिसते. त्यासाठी आम्ही शेवटी एक वेगळी ओळ ठेवतो, तिच्यावर दोन परीक्षकांची सही लागते.

उद्यमबाग_क्वालिटी

मंडळी, सात आठवड्यांनी परत येतोय. करून पाहिलं.

पाच सुपरवायझर, आठ व्हिडिओ. ज्यांचं चित्रीकरण केलं त्यांना आधी विचारलं, दोघं नको म्हणाले, त्यांचं घेतलं नाही. चेहरा न घेता फक्त हात आणि मशीन घेतलं, म्हणजे कोण आहे यावर मार्क पडणार नाहीत. डिबरिंग करणाऱ्या, म्हणजे कापलेल्या कडांवरची कुसळं काढणाऱ्या, दोन बायकांचंही घेतलं. आमच्या सर्वांत जुन्या सेटरनं (मशीन लावून देणाऱ्यानं) आणि मी बसून आधी आमचे मार्क ठरवून पाकिटात बंद केले. मग पाचही जणांनी चिठ्ठीवर, एकमेकांशी न बोलता मार्क दिले.

पहिल्याच व्हिडिओला २, २, ३, ४, ४ आले. खोलीत शांतता झाली. एकानं चार का दिले विचारलं तर म्हणाला, "हात कुणाचा ते ओळखलं की, वीस वर्षं झाली त्याला." दुसऱ्यानं दोन दिले कारण हातमोजे मळलेले होते. तिथून दोन तास आम्ही एकाच गोष्टीवर अडून होतो. "एकटा करतो" म्हणजे काय? कुणाच्या मते अडचण आली की विचारायला येतो तोही एकटा, कुणाच्या मते येत नाही तोच एकटा. शेवटी बोअरिंगच्या तीन पाकळ्यांसाठी असं लिहिलं: इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब वर, मध्ये आणि तळाला स्वतः मोजतो, ऑफसेट स्वतः देतो, दुसरा जॉब मोजून खात्री करतो, आणि माप हुकलं तर मशीन थांबवून मगच बोलावतो. चार पाकळ्यांना यापुढे असं, की त्यानं शिकवलेला माणूस हे सगळं करून दाखवतो. वर्षांचा उल्लेख कुठेच नाही.

तीन आठवड्यांनी तेच व्हिडिओ क्रम बदलून दाखवले. आठांपैकी सहांवर पाचही जणांचे मार्क जुळले, उरलेल्या दोनांवर एका पाकळीचा फरक. पहिल्यांदा असे जुळलेले फक्त एकावर होते. एक सुपरवायझर मात्र स्वतःशीच तीन ठिकाणी जुळला नाही. त्याला फार लागलं. त्यानं स्वतःहून मागितलं की त्याच्या पाळीतली पाहणी दुसऱ्या कुणाबरोबर जोडीनं व्हावी.

बैलहोंगलच्या मुलाला दोघांनी एकत्र पाहून तीन दिले. पहिल्या पाळीचा सुपरवायझर अजून म्हणतो की त्यानं बोललं पाहिजे, आणि त्याचं खरं आहे. पाळी सोपवताना मशीनची अवस्था सांगावीच लागते. म्हणून पाळी सोपवण्याचा वेगळा रकाना केला, बोअरिंगमधून ते काढलं. तिथे त्याला दोन मिळाले. कुठल्या भाषेत सांगायचं हे लिहिलं नाही, समोरच्याला समजलं पाहिजे एवढंच लिहिलं.

निपाणीकर, तुमच्या प्रश्नावर सोय केली. पाकळी मान्य नसेल तर आठ दिवसांत मशीनवर पुन्हा पाहणी, आधी ज्यानं मार्क दिले तो नाही, दुसरा.

एक गोष्ट सुटलेली नाही. नव्या मापानं सहा जणांची एक-एक पाकळी कमी होतेय. तक्ता भिंतीवर आहे, सगळे बघतात. मालक म्हणतात, मग भत्ता बंद करू. मला ते पटत नाही. चूक आमच्या मापाची होती, त्यांची नाही.

दुसरी_पाळी_सुपरवायझर

भत्ता बंद करू देऊ नका. त्या सहांचा भत्ता आहे तेवढाच चालू ठेवून वर्षभर गोठवा, तेवढ्या काळात शिकवा आणि वर्षानं पुन्हा पाहा. एकाचा जरी पगार कमी झाला तर पुढच्या वेळी कुणी व्हिडिओला हात देणार नाही, आणि सुपरवायझर पुन्हा डोळे झाकून चार देतील. मीच देईन. आणि हो, माझ्या त्या माणसाला मी सोमवारपासून सेटिंगला जोडीला घेतलंय.

शहापूरची_लेक

डिबरिंगच्या बायकांना काय मिळालं ते लिहिलं नाहीत.

उद्यमबाग_क्वालिटी

चुकलंच ताई. एकीला तीन, एकीला चार. तक्त्यात डिबरिंगचा रकानाच नव्हता, तो आता घातला. भत्ता पुढच्या महिन्यापासून लागेल, मालकांची सही झालीय. सहा जणांचा निर्णय शनिवारी आहे, गोठवायचं म्हणणं लिहून नेतोय.

जुना_मोल्डर

भाऊ, तुमचं बोअरिंगचं वाक्य मला आवडलं. मोल्डिंगचं तसं कुणी लिहिलेलं नाही. ओळखीच्या एका फाउंड्रीतल्या पोरांना ते पाहिजे आहे. वाळू मुठीत दाबून मोडायची, मोडलेली कड धारदार राहिली तर बरोबर, भुगा झाला तर कोरडी, बोटाला चिकटली तर ओली. हे माझ्या हाताला कळतं, वाक्यात बसवायला तुमच्यासारखा पाहिजे. रविवारी सकाळी तिसऱ्या रेल्वे गेटजवळ येतो. वही तुम्ही आणा, वाळू मी आणतो.